न मारलेल्या पिना

सुवा, ९ मार्च २०१८

प्रिय मोराग,

फोनच करणार होते. पण तुम्ही फोनवर नुसतं ‘हं, हं’ करता आणि खरं उत्तर मागाहून पत्रानं धाडता, हे तुमच्या हाताखाली डनीडनला शिकत होते तेव्हाच कळलं होतं. म्हणून थेट पत्रच.

माझ्या वॉर्डात वासिती नावाची मुलगी आहे. सव्वीस वर्षांची, कांदावू बेटावरच्या शाळेत शिकवते. डाव्या कुशीत दुखतं म्हणून बोटीनं इथं आली. स्कॅन केला तर स्वादुपिंडाच्या शेपटीशी लिंबापेक्षा मोठी गाठ. तरुण मुलींना होते ती. हळू वाढते, आणि सबंध काढली तर सहसा परत येत नाही. घाई नाही, पण काढायला हवी. शेपटीकडचा भाग गाठीसकट तोडून घ्यायचा आणि उरलेल्या स्वादुपिंडाचं तोंड बंद करायचं. सगळा खेळ त्या तोंडाचा. नीट मिटलं तर मुलगी घरी. नाही मिटलं तर आतला रस पोटात गळायचा, आणि तो रस असतोच मुळी मांस पचवायला. ते ताटातलं की आपल्याच पोटातलं, हे तो बघत नाही. तुमचंच वाक्य.

मला हे दुर्बिणीतून करायचंय. पित्ताशय, प्लीहा मी दुर्बिणीतून नेहमी काढते. स्वादुपिंड मात्र आजवर पोट उघडूनच केलं. दुर्बिणीतून करायचं तर चांगला स्टेपलर हवा, आणि आमच्या कपाटात आहेत ते पाहुण्या पथकांनी जाताना ठेवून दिलेले. एकाची मान वळत नाही. दुसऱ्याच्या पिना आतड्याच्या मापाच्या. बाकीच्यांची मुदत उलटून गेलेली. त्यात यंदा आरोग्य खात्यानं एकाच जातीचे स्टेपलर मागवायचं ठरवलंय, आणि कुठले ते मी सांगायचंय. आतडीवाले, फुप्फुसवाले सगळे तेच वापरणार. तुम्ही काय वापरता? आणि का?

वासितीच्या आईला, केलेराला, मी सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे ही पोरांच्या वह्यांना मारते तशा पिना तू हिच्याच पोटात मारणार?”

वासिती कुशीवर हात दाबून हसत सुटली. आई हसली नाही. मीही नाही हसले, कारण प्रश्न बरोबर होता.

तुमची,
तोरिका

*

डनीडन, २१ मार्च

तोरिका,

यंत्रापासून सुरुवात करू नकोस, अवयवापासून कर. स्कॅनवर जिथे तोडणार आहेस तिथली जाडी मोज. पातळ आणि घट्ट असेल तर जवळजवळ कुठलाही स्टेपलर चालून जातो. जाड आणि मऊ असेल तर खरं भांडण तिथं आहे. आखूड पिना जाड अवयवावर मारल्यास तर तो पिनांच्या ओळीतच चिरडतो. भीतीपोटी फार उंच पिना घेतल्यास तर त्या मिटतात, पण पकड सैल राहते. म्हणून स्टेपलर कुठला हा दुसरा प्रश्न. त्याला पिनांच्या किती उंच्या मिळतात हा पहिला.

आमच्याकडेही नेमकं हेच चाललंय. दक्षिणेकडच्या सगळ्या रुग्णालयांसाठी एकच जात निवडायची म्हणून समिती नेमलीय आणि तिच्यात मला बसवलंय. दर बैठकीला कुठल्या तरी कंपनीचा माणूस चीज रोल घेऊन हजर. आमचे तरुण सर्जन बॅटरीवर चालणाऱ्यावर खूश आहेत. बटण दाबलं की जबडा सावकाश मिटतो, हात थरथरत नाही, टोक हलत नाही. मीही हल्ली तोच वापरते. हातानं दाबायच्या जुन्या स्टेपलरात एक गोष्ट होती, मांस किती विरोध करतंय ते तळव्याला कळायचं. पण तळवा खोटंही सांगतो, विशेषतः दमलेला. तेव्हा मला विचारशील तर बॅटरीवाला.

कुठलाही घे, पण जबडा मिटवल्यावर थांब. थिएटरमधल्या लोकांना कंटाळा येईल इतकं थांब. मांसातलं पाणी बाजूला सरकू दे, ते पातळ होऊ दे, मग पिना मार. गेल्या आठवड्यात मानिओटोटोच्या पठारावरचा एक मेंढपाळ केला, ड्युगल. जन्मभर लोकर कातरून मनगटं अशी झालेली की सुई टोचायला नर्सला शीर शोधावी लागली नाही. त्याचं असंच केलं, छान झालं. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून जेवणाला नावं ठेवत होता.

तुला नमुन्याचं खोकं पाठवते, निरनिराळ्या उंचीच्या पिनांचं. सराव कर.

आणि एक विचारते, राग मानू नकोस. दुर्बिणीतून करायचंय ते तिच्यासाठी की तुझ्यासाठी?

मोराग

*

सुवा, ४ एप्रिल

प्रिय मोराग,

राग आला. मग गेला. मग परत आला. आता लिहिते.

वासितीच्या गावाला धक्का नाही. मोठ्या बोटीतून छोट्या होडीत उतरायचं, होडीतून कमरेएवढ्या पाण्यात, आणि तिथून चढ चढून घर. पाणी वाहायचं, लाकडं आणायची, ओहोटीला खडकांवर वाकून नामा, म्हणजे खायचं शेवाळ, खुडायचं. पोट आडवं उघडलं तर हे सगळं बरेच महिने बंद. आणि बंद ठेवणार कोण? मागे एका बाईला मी सांगितलं होतं, ओझं उचलू नकोस. ती ‘हो’ म्हणाली, आणि पुढल्या बोटीनं परत आली ती जखमेतून आतडं वर आलेलं घेऊन. वासिती चार छोट्या भोकांनी सुटली तर मला हवंय. हे झालं तिच्यासाठी.

आता माझं. इथं ज्यांना जमतं ते विमानात बसतात. ऑकलंड, सिडनी, चेन्नई. मागे राहतात ते माझ्याकडे येतात, आणि येताना चेहऱ्यावर घेऊनच येतात की आपल्याला दुसऱ्या प्रतीचं मिळणार. तो चेहरा मला पुसायचाय. ह्याला तुम्ही ‘स्वतःसाठी’ म्हणत असाल तर हो, थोडं माझ्यासाठीही आहे. पण वासितीच्या जिवावर नाही.

स्कॅनवर जाडी मोजली. तोडायच्या जागी स्वादुपिंड माझ्या अंगठ्याएवढं जाड आहे. आणि तरुण मुलगी, आजवर दारूचा थेंब नाही, म्हणजे मऊही असणार. तुम्ही म्हणालात ते भांडणाचंच.

खोक्याची वाट बघतेय. वासितीला मी सध्या घरी पाठवलेलं नाही. इथंच रायवाकाला मावशीकडे राहते आणि दर सोमवारी दाखवायला येते. समितीचं काय झालं? आणि तुमचा मेंढपाळ जेवणाला नावं ठेवत घरी गेला का?

तोरिका

*

डनीडन, ९ मे

तोरिका,

खोकं सोबत आहे. तीन उंचीच्या पिना, बॅटरीचा एक दांडा, हातानं दाबायचा एक.

आधी डुकराच्या स्वादुपिंडावर वापरून बघ. मी लिहिलेलं सगळं प्रमाण मानायची गरज नाही, स्वतः बघ आणि ठरव. समितीच्या बैठकांना मी सध्या जात नाही.

जास्त लिहीत नाही.

मोराग

*

सुवा, २३ मे

प्रिय मोराग,

खोकं पोचलं. चिठ्ठीही पोचली, आणि ती वाचून मी दिवसभर स्वतःला शिव्या दिल्या. ज्या बाईनं मला चिमटा धरायला शिकवलं तिला मी ‘राग आला, मग गेला, मग परत आला’ असं लिहायला नको होतं. तुमचा प्रश्न रास्त होता. माझी भाषा रास्त नव्हती. तुम्ही रागावला असाल तर तुमचा हक्क आहे, पण मला असं दोन ओळींत वाटेला लावू नका.

सरावाचं सांगते. आमच्या चर्चचा वार्षिक सोहळा होता. भूमिगत भट्टीसाठी बरीच डुकरं कापली जाणार होती. मी आणि थिएटरमधला नर्स आपेनीसा पहाटेच बादली घेऊन हजर झालो. कापणाऱ्यांनी विचारलं, डॉक्टरीणबाई, तुम्हाला नेमकं काय हवंय? मी म्हटलं, जे तुम्ही फेकता ते. त्यांना वाटलं आमच्या रुग्णालयात फारच हलाखी आलीय. एकानं तर मला मांडी बांधून दिली, घरी न्यायला.

दुपारभर आम्ही पिना मारत बसलो. लहान डुकराच्या पातळ स्वादुपिंडावर कुठलीही उंची घ्या, रेघ ओढल्यासारखं काम. मोठ्या डुकराचं, वासितीच्या मापाच्या आसपासचं घेतलं, आणि मग कळलं. मधल्या उंचीच्या पिनांनी वरचं आवरण फाटलं. सगळ्यात उंच पिनांनी, तुम्ही सांगितलंत तसं थांबून, बहुतेक वेळा टिकलं. बहुतेक वेळा. दोनदा जबडा मिटतानाच कडेला चिरा पडल्या, पिना मारायच्याही आधी. बटणाच्या स्टेपलरनं ते आम्हाला डोळ्यांनी दिसेपर्यंत कळलं नाही. हाताच्यानं मला वाटतं किंचित आधी कळलं. किंवा मला तसं वाटून घ्यायचं असेल.

मेलेल्या डुकराचं मांस म्हणजे जिवंत मुलगी नव्हे, हेही मी जाणून आहे.

आता खरं सांगा. तुम्ही माझ्या जागी असता तर कुठली जात मागवली असती? आणि ड्युगल कसा आहे, हे तुम्ही लिहिलं नाहीत.

तुमचीच,
तोरिका

*

डनीडन, ६ जून

प्रिय तोरिका,

मी तुझ्यावर रागावले नव्हते. तुला तसं वाटलं याचं मला वाईट वाटतं. चिठ्ठी तशीच होती.

ड्युगल गेला.

तुला पहिलं पत्र टाकलं आणि त्याच आठवड्यात त्याला ताप भरला. पोटात ठेवलेल्या नळीतून रस येऊ लागला. असं होतं, आपण वाट बघतो, बहुतेकांचं आपोआप थांबतं. त्याचं थांबेना. तू मला तो घरी गेला का विचारलंस तेव्हा तो अतिदक्षता विभागात होता. तो रस कुरतडत कुरतडत शेजारच्या धमनीपर्यंत पोचला. एका सकाळी ती फुटली. क्ष-किरणवाल्यांनी आतून बंद करायचा प्रयत्न केला, मग मी पोट उघडलं. त्यातून तो वाचला, पण पुढे एकेक अवयव दमत गेला, आणि एप्रिल सरता सरता गेला.

त्याच्या बायकोचं नाव नेटी. ती रोज पठारावरून गाडी चालवत यायची, आणि त्याच्या पलंगाशी बसून बाहेरच्या मेंढ्यांचं सांगायची. कुठल्या कुंपणाची तार तुटली, कोणाचा कुत्रा आला. तो शुद्धीत असो नसो.

तो गेल्यावर मी तिला माझ्या खोलीत बसवलं. तिनं डोळे पुसले आणि एकच विचारलं, “ते मशीन होतं का?”

सोपं उत्तर तिनंच माझ्या हातात दिलं होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर तिला चिडायला एक वस्तू मिळाली असती आणि मला झोप. मी म्हणाले, “मशीननं त्याचं काम केलं. मशीन कुठलं, पिना कुठल्या, हे मी निवडलं होतं. त्याचं स्वादुपिंड दोन मापांच्या मधोमध होतं. मी एक माप घेतलं. दुसरं घेतलं असतं तर तो वाचला असता की नाही, ते मला माहीत नाही, आणि ते कुणालाच कळणार नाही.”

ती उठली. कोट घातला आणि गेली.

मग समिती. तिथे सगळ्यांनी मला जपायचं ठरवलेलं. एक जण म्हणाला, हा बॅटरीवाला यादीतून काढून टाकू, मोरागसारखीच्या हातूनही असं होत असेल तर दोष यंत्रातच. कंपनीचा माणूस घाबरून दांडा तपासायला घेऊन गेला. तपासात काही निघालं नाही. मी सांगितलं, माझ्यासाठी यंत्राला फाशी देऊ नका. मग बैठकांना जायचं थांबवलं, कारण तिथं माझ्याकडे सगळे आजारी माणसाकडे बघतात तसे बघत होते. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियाही थांबवल्यात. त्या दुसऱ्यांकडे देते.

हे तुला तेव्हाच का लिहिलं नाही? तू तुझ्या मुलीसाठी हिंमत गोळा करत होतीस. खोक्यात पिनांबरोबर माझी भीती भरून पाठवायची नव्हती. आता वाटतं ती तुला मिळायला हवी होती. तीही मोजमापाचाच भाग आहे.

तेव्हा मला विचारू नकोस कुठला घेऊ. डुकरांची पोटं तू बघितलीस, त्या मुलीचा स्कॅन तुझ्याकडे आहे. माझ्या शब्दावर काहीही मारू नकोस.

मोराग

*

सुवा, २५ जून

प्रिय मोराग,

तुमचं पत्र मी जिन्यातच उभी राहून वाचलं. पुन्हा वर गेले आणि आपेनीसाला म्हटलं, आज मला कुणी बोलावू नका.

मी इकडे तुमच्यावर रुसून बसले होते, आणि तिकडे तुम्ही त्या माणसाच्या उशाशी होता. काय लिहू? तुम्ही नेटीला जे सांगितलंत ते मला जमलं असतं का, याचा मी खूप विचार केला. मला नाही वाटत जमलं असतं.

त्यानंतरच्या सोमवारी वासिती आली तेव्हा तिला, तिच्या आईला आणि कांदावूहून आलेल्या मामाला मी बसवलं. मामानं रीतीप्रमाणे यांगोनाची, आमच्या मानाच्या पेयाची, मुळं पुढ्यात ठेवून, आमची मुलगी तुमच्या हाती देतो, असं सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, थांबा, मी हे घेण्याआधी माझं ऐका. तुम्हाला नको वाटलं तर मुळं परत न्या, मला अपमान वाटणार नाही. आमच्यात असं मध्ये तोडत नाहीत. मामाचा चेहरा उतरला.

मग ड्युगलची सगळी गोष्ट सांगितली. नाव गाव वगळून, पण माणूस खरा आहे आणि परदेशात ज्या बाईनं मला शिकवलं तिच्याच हातचा आहे, हे सांगून. आमचे जुनेजाणते म्हणतात की आजाऱ्याला एवढं सांगू नये. पण मी सांगितलं. तिचं स्वादुपिंड जाड आहे, स्टेपलर कदाचित धरणार नाही, आणि पोट उघडून टाके घातले तरी गळती होऊ शकते. असं कुठलंच हत्यार नाही की जे घेतलं म्हणजे मी निर्धास्त.

मामा म्हणाला, मग दुसऱ्या देशात पाठवू. गावात वर्गणी काढू.

वासिती म्हणाली, “मामा, त्या दुसऱ्या देशातल्या डॉक्टरीणबाईंचंच तर ह्या सांगतायत.”

मग ती माझ्याकडे वळली. “तुम्ही दुर्बिणीतून आत गेलात आणि ते हत्यार बसत नाही असं दिसलं, तर थांबाल? की सगळे बघतायत म्हणून मारून टाकाल?”

मोराग, तुमचाच प्रश्न. तुम्ही कागदावर विचारलात तेव्हा मला राग आला होता. तिनं समोर बसून विचारला तेव्हा मी म्हणाले, थांबेन.

“मग करा,” ती म्हणाली. “व्रण मोठा आला तर येऊ दे. मी पोरांना सांगेन शार्कनं चावलं.”

केलेरा तेव्हा पहिल्यांदा हसली. मग रडली. मामानं मुळं परत पुढे सरकवली, मी टाळी वाजवून स्वीकारली.

पुढच्या आठवड्यात करतेय. हाताचा स्टेपलर घेणार, सगळ्यात उंच पिनांचा. त्याच्याच शेजारी टाक्यांचा ट्रे उघडा ठेवणार, झाकलेला नाही. प्रार्थनेवर तुमचा विश्वास नाही हे माहीत आहे. तरी त्या दिवशी सकाळी आमची आठवण काढा.

तोरिका

*

सुवा, ३० जुलै

प्रिय मोराग,

उशीर मुद्दाम केला. शेवट बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

दुर्बिणीतून आत गेलो. गाठ देखणी होती, म्हणजे सर्जनला देखणी; चारी बाजूंनी सुटी. प्लीहेच्या रक्तवाहिन्यांपासून सावकाश सोडवली, प्लीहा वाचली. इथवर सगळं असं जमत गेलं की मला वाटू लागलं, आता हेही जमणार. थिएटरच्या दाराशी धाकटे डॉक्टर गर्दी करून उभे. आपेनीसानं स्टेपलर हातात दिला.

जबडा स्वादुपिंडावर बसवला आणि मिटवायला लागले. थोडं मिटव, थांब. थोडं मिटव, थांब. पडद्यावर स्वादुपिंड दोन्ही कडांना फुगत होतं, पांढुरकं पडत होतं. जबडा पूर्ण मिटायला थोडंसंच राहिलं होतं. मी थांबले. खूप थांबले. मग वरच्या कडेला आवरणावर एक बारीक रेघ उमटली, डुकराच्या वेळी उमटली होती तशी.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “एवढ्यानं काही होत नाही, मारा.”

खरंच कदाचित काही झालं नसतं. हे मला कधीच कळणार नाही, जसं तुम्हाला कळणार नाही. मी जबडा उघडला. स्टेपलर बाहेर काढला, एकही पिन न मारता आपेनीसाच्या हातात दिला आणि सुरी मागितली.

दाराशी उभे होते ते एकेक करून निघून गेले. त्यांना एक गोष्ट बघायची होती आणि दुसरीच चालली होती. मी पोट उघडलं, बोटांनी स्वादुपिंड धरलं. लोण्यासारखं मऊ होतं, मोराग. रसाची नलिका शोधून वेगळी बांधली, तोंड माशाच्या कल्ल्यासारखं कापून दोन्ही ओठ हातानं शिवले, अगदी बारीक दोऱ्यानं, गाठ आवळताना श्वास रोखून. वेळ लागला. माझी पाठ अजून दुखतेय.

गळती झालीच. थोडीशी, नळीतून येत राहिली. त्या दिवसांत मी घरच्यांशी धड बोलले नाही. सकाळी आधी नळीची पिशवी बघायची, मग मुलीचा चेहरा. केलेरा मला म्हणायची, “नाऊ,” म्हणजे आई, “आधी तोंडाकडे बघत जा, पिशवी पळून जात नाही.” हळूहळू कमी झाली. मग थांबली. नळी काढली. ताप नाही, काही नाही. गाठ सबंध निघाली असा अहवाल आला.

व्रण मोठा आहे. चार भोकं आणि त्यांच्यावर तो लांबलचक आडवा. वासितीनं आरशात बघितला आणि कपडा खाली ओढून घेतला. मला वाटलं होतं चेष्टा करेल, पण नाही केली. मी म्हटलं, मला हे तुला द्यायचं नव्हतं. ती म्हणाली, माहीत आहे. एवढंच. गेल्या आठवड्यात बोटीनं गेली. गावचे लोक तिला होडीतून उचलून किनाऱ्यावर नेतील, असं मामानं निघताना शपथेवर सांगितलं.

रुग्णालयात दोन्ही बाजूंनी बोलतात. काहींना वाटतं मी कचरले. एका जुन्या सर्जननं मात्र पाठीवर हात ठेवला. तसा त्यानं यापूर्वी कधीच ठेवला नव्हता.

खात्याला मी कळवलं: हातानं दाबायचा, मान वळणारा, ज्याला पिनांच्या सगळ्या उंच्या मिळतात तो. बॅटरीवाला वाईट म्हणून नव्हे. आमच्याकडे बोट चुकली की बॅटऱ्याही चुकतात, आणि एकच उंची घेऊन बसण्यापेक्षा साधा दांडा आणि निवडायला जागा बरी. आणि बारीक दोरा भरपूर. त्यावर विचारलं गेलं की स्टेपलर मागवताय तर दोरा कशाला. उत्तर लिहिताना तुमची फार आठवण झाली.

तुम्ही परत कधी सुरू करताय?

तोरिका

*

डनीडन, २० ऑगस्ट

प्रिय तोरिका,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग एका तरुण सहकाऱ्याला वाचायला दिलं. त्यानं विचारलं, तिनं मारला असता तर चाललं असतं का? मी म्हटलं, तू अजून चुकीचा प्रश्न विचारतोयस. तो बिचारा अजून विचारात आहे.

आता माझं ऐक. नेटीचा फोन आला. म्हणाली, तुम्ही एकदा घरी याल का, आणि येताना ते घेऊन याल का. काय, ते तिनं सांगितलं नाही. मला कळलं. रुग्णालयातल्या लोकांनी मला नको जाऊ म्हणून सांगितलं, वकिलांना विचार म्हणून सांगितलं. मी सरावाचा एक दांडा पिशवीत टाकला आणि गेले.

पठारावर बर्फ होतं. मेंढ्या कुंपणाला चिकटून उभ्या. तिनं चहा केला, स्कोन ठेवले, दोघींनी खाल्ले नाहीत. मग म्हणाली, “दाखवा.”

मी टेबलावर ठेवला. तिनं आधी नुसता बघितला. नंतर हातात घेतला, आणि तिचा चेहरा बदलला.

“हलका आहे,” ती म्हणाली. “मी मनात केवढं तरी धरलं होतं.”

मी तिला जबडा कसा मिटतो ते दाखवलं. तिनं बटण दाबलं, तो सावकाश मिटला. पुन्हा उघडला. पुन्हा दाबलं. असं ती करत राहिली, आणि करता करता ड्युगलबद्दल बोलू लागली. रुग्णालयात येण्याआधी त्यानं शेवटची मेंढी कशी कातरली, पाठ दुखत होती तरी कात्री मुलाच्या हातात द्यायला कसा तयार नव्हता, कारण मुलगा घाई करतो आणि मेंढीला लागतं. मी ऐकत बसले. मला काही सांगायचं नव्हतं आणि तिला काही विचारायचं उरलं नव्हतं.

निघताना तिनं दांडा स्वतःच माझ्या पिशवीत ठेवला. दाराशी म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही ‘मशीन’ म्हणाला असता तर मी जन्मभर मशीनला शिव्या दिल्या असत्या. माझ्याकडे तेवढा वेळ नाही. मेंढ्या व्यायला आल्यात.”

मी गाडीत बसले, आणि काही वेळ गाडी सुरू करता आली नाही.

गुरुवारी एका बाईंचं स्वादुपिंड आहे, मीच करणार. जाडी मध्यम, दोन मापांच्या मधोमध, दुसरं काय असणार. त्यांना मी काल सगळं सांगितलं, ड्युगलचंही, तुझ्याकडून शिकले. दोन्ही उंचीच्या पिना मागवल्यात, टाक्यांचा ट्रे उघडा ठेवायला सांगितलंय. त्या बाईंनी विचारलं, मग तुम्ही नेमकं काय वापरणार?

मी म्हणाले, आत गेल्यावर बघेन.

तुझी,
मोराग